संगणकाच्या पडद्याची परीक्षा



आपल्या समाजातील अनेक कुटुंबांतील मुले-मुली आज संगणकाचे उच्च शिक्षण घेत आहेत. काही पुण्या-मुंबईत, काही थेट अमेरिकेतील विद्यापीठांत. दुकानाची गादी सांभाळणाऱ्या वडिलांना मुलाने प्रोग्राम लिहिणे समजते, नोकरी मिळणे समजते. परंतु मुलगा जेव्हा सांगतो, की या सत्रात त्याने एकही प्रोग्राम लिहिला नाही, केवळ पाच विद्यार्थ्यांना संगणकासमोर बसवून ते कोठे अडखळतात हे टिपले, तेव्हा वडील चकित होतात. एवढे शुल्क भरून हे शिक्षण? या शंकेचे उत्तर देण्यासाठी आजच्या लेखाचा विषय निवडला आहे. या कामाला 'युजेबिलिटी टेस्टिंग' असे नाव आहे. मराठीत त्यास वापरसुलभतेची चाचणी म्हणता येईल. ही चाचणी दिसते साधी. परंतु तिचे सारे यश आधी केलेल्या योजनेत असते आणि ती योजना करणे हे हिशेबी माणसाच्या स्वभावाला मानवणारे काम आहे.

विद्यापीठातील संगणक वेगळा कसा?

घरचा संगणक एका माणसाचा असतो. विद्यापीठाच्या संगणक कक्षातील यंत्र कोणाचेच नसते आणि सर्वांचे असते. सकाळी नऊ वाजता त्यावर अभियांत्रिकीचा विद्यार्थी बसतो, दहा वाजता इतिहासाची विद्यार्थिनी आणि अकरा वाजता घरी कधीही संगणक न पाहिलेला, गावाकडून आलेला नवखा मुलगा. तिघांनाही तोच पडदा, तीच चिन्हे आणि त्याच सूचना दिसतात.

या प्रश्नाचे ठळक उदाहरण अमेरिकेतील केंब्रिज येथील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या संस्थेत सापडते. १९८३ साली या संस्थेने डिजिटल आणि आयबीएम या दोन कंपन्यांच्या साहाय्याने 'प्रोजेक्ट अथेना' हा उपक्रम सुरू केला. पदवीच्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणात संगणक आणणे हा त्याचा हेतू होता. हा प्रकल्प १९९१ पर्यंत चालला आणि त्यानंतर ती यंत्रणा संस्थेच्या नित्य कारभाराचा भाग झाली. विद्यार्थ्याने परिसरातील कोणत्याही संगणकासमोर बसावे, आपले नाव व परवलीचा शब्द द्यावा आणि त्याची स्वतःची कागदपत्रे तेथे हजर व्हावीत, ही त्यामागील कल्पना. बँकेच्या कोणत्याही शाखेत गेले तरी आपलेच खाते उघडते, ही सोय आज आपल्याला नवी वाटत नाही. चाळीस वर्षांपूर्वी ती अपूर्व होती. पडद्यावर खिडक्या दाखवणारी 'एक्स विंडो' प्रणाली १९८४ साली येथेच जन्मली. खातेदाराची ओळख पटवणारी 'कर्बेरॉस' ही पद्धतही येथेच तयार झाली. ग्रीक पुराणातील तीन तोंडांच्या राखणदार कुत्र्याचे हे नाव आहे आणि जगभरच्या कार्यालयांतील जाळ्यांत ही पद्धत आजही वापरात आहे.

इतकी बुद्धिमत्ता ज्या यंत्रणेत ओतली गेली, तिच्यातही नवख्या विद्यार्थ्याला एक अडचण होतीच. अथेनावरील अनेक सॉफ्टवेअर 'लॉकर' नावाच्या साठ्यांत ठेवलेली असत आणि ती वापरण्याआधी 'अ‍ॅड' ही आज्ञा लिहून तो लॉकर जोडून घ्यावा लागे. ज्याला माहीत होते, त्याला हे दोन सेकंदांचे काम. ज्याला माहीत नव्हते, त्याच्या दृष्टीने ते सॉफ्टवेअर त्या संगणकावर नव्हतेच. लॉकर म्हटल्यावर आपल्याला बँकेची तिजोरी आठवते, एखाद्याला शाळेतील कपाट आठवेल. सॉफ्टवेअर कोणालाही आठवणार नाही. रचणाऱ्याच्या मनातील अर्थ आणि वापरणाऱ्याच्या मनातील अर्थ यांत जे अंतर पडते, ते मोजणे हेच या चाचणीचे काम होय.

परीक्षार्थी कोण?

माणूस संगणकासमोर अडखळला, की तो सहसा स्वतःला दोष देतो. "मला यातले कळत नाही," असे म्हणून उठून जातो. विद्यापीठात याची किंमत मोठी असते. ज्याच्या घरी संगणक होता तो विद्यार्थी चार बटणे दाबून पाहतो व मार्ग काढतो. ज्याच्या घरी नव्हता, तो आपले अज्ञान उघडे पडू नये म्हणून कक्षात येणेच टाळतो. पडद्यावरचा एक दुर्बोध शब्द अशा रीतीने एका विद्यार्थ्याच्या शिक्षणातून वजा होतो आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

म्हणून या शास्त्राचा पहिला नियम असा : परीक्षा पडद्याची आहे, समोर बसलेल्या माणसाची नव्हे. अ‍ॅपल कंपनीचा 'लिसा' हा संगणक १९८३ साली बाजारात आला, त्याच्या घडणीच्या काळातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. पडद्यावरील एका बटणावर 'डू इट', म्हणजे 'हे कर', असे शब्द होते. चाचणीसाठी बसलेला एक गृहस्थ ते बटण दाबेना आणि उलट चिडू लागला. विचारल्यावर कळले, की त्या अक्षरांच्या वळणामुळे त्याला तेथे 'डोल्ट', म्हणजे 'मठ्ठ', असा शब्द दिसत होता. संगणक आपल्याला मठ्ठ म्हणतो, या समजुतीने तो रागावला होता. बटणावरील शब्द बदलून 'ओके' करण्यात आला. रचनाकारांच्या खोलीत हा दोष शंभर वर्षे दिसला नसता, कारण तेथे प्रत्येकाला त्या बटणावर काय लिहिले आहे ते आधीच ठाऊक होते.

आपला अनेकान्तवाद सांगतो, की वस्तू अनेक अंगांनी युक्त असते आणि एका नयाने तिचे पूर्ण ज्ञान होत नाही. रचणाऱ्याचा नय आणि वापरणाऱ्याचा नय हे दोन्ही खरे असतात. चाचणी म्हणजे दुसऱ्या नयाला बोलण्याची संधी देणे.

योजनेची पहिली ओळ : प्रश्न

आता योजनेकडे वळू. 'आमचा डेस्कटॉप चांगला आहे का?' हा प्रश्न चाचणीला उपयोगाचा नाही. कर्ज मागणाऱ्याला "धंदा बरा चालतो का?" असे विचारून जसा कर्जाचा निर्णय होत नाही, तसेच हे आहे. प्रश्न नेमका हवा. नवा विद्यार्थी पहिल्या दिवशी कोणाच्याही मदतीवाचून आपले काम छापून घेऊ शकतो का? आपण साठवलेली फाईल या यंत्रावर राहिली की विद्यापीठाच्या सामाईक साठ्यावर गेली, हे त्याला कळते का? काम संपल्यावर तो खाते बंद करून उठतो का? असे तीन-चार प्रश्न आधी कागदावर लिहावेत आणि प्रत्येकापुढे लिहावे, की उत्तर प्रतिकूल आले तर आपण काय बदलणार. ज्याच्या उत्तराने काहीच बदलणार नाही, तो प्रश्न काढून टाकावा.

प्रश्न कोठून शोधायचे, यासाठी मदत कक्षाच्या नोंदी हे उत्तम साधन आहे. अथेनावर विद्यार्थ्याला आपल्या संगणकावरूनच सल्लागाराला प्रश्न पाठवता येत असे. आज बहुतेक विद्यापीठांत असा मदत कक्ष असतो. सत्राच्या पहिल्या महिन्यात कोणती शंका पुनःपुन्हा आली, ते पाहिले की चाचणी कोठे घ्यायची हे उमगते. कक्षाच्या भिंतींवर चिकटवलेल्या हस्तलिखित सूचनाही वाचाव्यात. 'प्रिंट देण्यापूर्वी अमुक करा' असा कागद जेथे डकवावा लागतो, तेथे पडदा आपले काम करीत नाही, असे खुशाल समजावे.

किती माणसे बसवावीत?

व्यापारी मनाला पडणारा पुढचा प्रश्न म्हणजे खर्च. शंभर विद्यार्थी बसवायचे, तर वेळ आणि पैसा कोठून आणायचा? जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉअर या दोन संशोधकांनी १९९३ साली याचे गणित मांडले. त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांत एक माणूस एकूण दोषांपैकी सरासरी ३१ टक्के दोष उघड करीत होता. पुढचा माणूस त्यांतील काही दोष पुन्हा दाखवतो आणि काही नवे.

ज्यांनी घटत्या शिल्लकेवर घसारा काढला आहे, त्यांना हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही. समजा, पडद्यात १०० दोष आहेत आणि दरवेळी शिल्लक दोषांतून ३१ टक्के वजा होतात. पहिल्या माणसानंतर ६९ दोष न सापडलेले राहतात, दुसऱ्यानंतर सुमारे ४८, तिसऱ्यानंतर ३३, चौथ्यानंतर २३ आणि पाचव्यानंतर १६. म्हणजे पाच माणसांत सुमारे ८४ टक्के दोष हाती लागतात. पुढच्या दहा माणसांवर तेवढाच वेळ व पैसा प्रत्येकी खर्च करून दहा जणांत मिळून उरलेले १५-१६ दोषच मिळतात. म्हणून नील्सन यांचा सल्ला असा, की पंधरा माणसांची एक मोठी चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच माणसांच्या तीन चाचण्या घ्याव्यात व मधल्या काळात दोष दुरुस्त करावेत. दुसऱ्या फेरीत आपली दुरुस्तीही तपासली जाते, कारण दुरुस्ती करतानाच नवा दोष शिरण्याचा संभव असतो.

मात्र या आकड्याच्या आहारी जाऊ नये. ३१ टक्के ही सरासरी आहे आणि सरासरी म्हणजे हमी नव्हे. जो दोष दहांपैकी एकालाच भेडसावतो, तो पाच माणसांत दिसण्याची शक्यता केवळ ४१ टक्के असते. शिवाय पाच माणसे म्हणजे एकाच प्रकारची पाच माणसे. विद्यापीठात मात्र प्रकार अनेक. नवखा विद्यार्थी, तीन वर्षे सरावलेला विद्यार्थी, परदेशातून आलेला व इंग्रजी सावकाश वाचणारा विद्यार्थी, दृष्टी अधू असलेला विद्यार्थी आणि प्राध्यापक, यांच्या अडचणी निराळ्या. सर्वांसाठी पाच-पाच जण बसवणे शक्य नसेल, तर प्रश्नानुसार दोन गट निवडावेत. उरलेल्यांचा विचार पुढच्या फेरीत करू, असे योजनेत स्पष्ट लिहावे. संगणकशास्त्र विभागातील मित्रांना बोलावणे सर्वांत सोपे असते आणि म्हणूनच ते टाळावे. ज्यांना सर्व येते, त्यांच्याकडून दोष कळत नाहीत.

कामे कशी लिहावीत?

चाचणीसाठी बसलेल्या विद्यार्थ्याला काही कामे लेखी दिली जातात. या कामांच्या भाषेत योजनाकाराची खरी कसोटी लागते. 'फाईल या यादीतून प्रिंट निवडा' असे लिहिले, तर आपण उत्तर फोडले. बटणावर जो शब्द आहे, तो प्रश्नात येताच विद्यार्थी केवळ अक्षरे जुळवतो. त्याऐवजी असे लिहावे : 'गेल्या आठवड्यात तुम्ही अर्धवट सोडलेला निबंध या खात्यात आहे. त्यात शेवटी एक वाक्य जोडा, ग्रंथालयातील मुद्रणयंत्रावर त्याची एक प्रत काढा आणि तुमच्या पुढच्या तासाला निघा.' यात साधनाचा उल्लेख नाही. केवळ हेतू आहे. माणूस संगणकासमोर हेतू घेऊनच बसतो.

वरच्या कामातील शेवटचे शब्द पुन्हा वाचावेत. 'पुढच्या तासाला निघा' एवढेच म्हटले आहे. 'खाते बंद करा' असे म्हटलेले नाही. हे मुद्दाम आहे. जुन्या अनेक एटीएम यंत्रांत आधी रोकड हाती येई व मग कार्ड. ग्राहक रोकड घेऊन निघून जाई व कार्ड यंत्रात राही. तो मूर्ख नव्हता. तो पैशासाठी आला होता, पैसे मिळाले, त्याच्या मनाने काम संपले होते. यंत्रांचा क्रम उलटा करण्यात आला. आधी कार्ड घ्या, मगच पैसे मिळतील. विसरण्याची संधीच उरली नाही. कितीही फलक लावून 'कार्ड घेण्यास विसरू नका' असे सांगितले असते, तरी एवढा परिणाम झाला नसता.

विद्यापीठातील संगणकावर खाते बंद करणे हे नेमके असेच मागे राहणारे काम आहे. प्रत हाती आली, की विद्यार्थ्याच्या मनाने काम संपते. तो उठतो आणि त्याचे उघडे खाते पुढच्या माणसाच्या स्वाधीन होते. त्या खात्यात त्याची पत्रे आहेत, निबंध आहेत, गुण आहेत. चाचणीत पाचांपैकी तीन जण खाते उघडे ठेवून उठले, तर तिघांना समज देऊन भागणार नाही. बाहेर पडण्याचे बटण ठळक करणे, काही मिनिटे हालचाल न झाल्यास पडदा कुलूपबंद करणे, असे उपाय रचनेत शोधावे लागतील. पाच माणसांच्या निरीक्षणातून असा निष्कर्ष निघतो, तो हजारो विद्यार्थ्यांच्या खात्यांचे रक्षण करतो.

आणखी एक पथ्य. चाचणीसाठी विद्यार्थ्याचे स्वतःचे खाते वापरू नये. कृत्रिम नावाचे खाते, त्यात लिहून ठेवलेले नमुना निबंध, अशी तयारी करावी आणि प्रत्येक बैठकीनंतर ते खाते मूळ स्थितीत आणावे. पहिल्या विद्यार्थ्याने हलवलेली फाईल दुसऱ्याला भलत्याच जागी सापडली, तर दोघांची तुलना निरर्थक ठरते.

वचनगुप्तीचा सराव

बैठक साधारण पाऊण ते एक तासाची असावी. एका सामायिकाच्या ४८ मिनिटांच्या आसपास. हे साम्य कालावधीपुरतेच नाही. चाचणी घेणाऱ्याला त्या वेळात वाणीवर जो संयम ठेवावा लागतो, तो वचनगुप्तीची आठवण करून देणारा आहे. समोरचा विद्यार्थी चुकीच्या चिन्हाकडे बाण नेत आहे, योग्य चिन्ह शेजारीच आहे, आपल्या ओठांवर शब्द आले आहेत. आणि तरीही गप्प राहायचे. "तेथे नाही, इकडे पाहा," हे एक वाक्य उच्चारले, की ज्या दोषासाठी सर्व खटाटोप केला तो झाकला जातो. विद्यार्थ्याने विचारले, "हे दाबू का?" तर उत्तर असावे, "तुम्हाला काय वाटते, ते दाबल्यावर काय होईल?"

विद्यार्थ्याला मात्र बोलते ठेवायचे. मनात येईल ते मोठ्याने बोलत काम करावे, अशी विनंती त्याला आरंभी केली जाते. आयबीएममधील क्लेटन लुइस यांनी १९८२ च्या सुमारास ही पद्धत संगणकाच्या क्षेत्रात रूढ केली. "आता मी छापण्याचे चिन्ह शोधतो आहे... हे कपाटासारखे दिसते, म्हणजे येथे कागदपत्रे असतील..." अशा स्वगतातून गैरसमजाचा उगम सापडतो. परंतु बोलत काम करणाऱ्याला वेळ अधिक लागतो. म्हणून ज्या कामाचा वेळ मोजायचा आहे, त्यात हे स्वगत मागू नये. दोन्ही गोष्टी एकाच कामातून मिळवू पाहिल्यास दोन्ही बिघडतात.

येथे अहिंसेचाही प्रश्न येतो. चारचौघांत अडखळणे माणसाला बोचते. म्हणून प्रत्येक बैठकीच्या आरंभी लेखी निवेदन वाचून दाखवावे : आम्ही पडद्याची परीक्षा घेत आहोत, तुमची नाही. कधीही थांबण्याचा तुम्हाला अधिकार आहे. नोंदीत तुमचे नाव राहणार नाही. चित्रीकरण करायचे असेल, तर आधी संमती घ्यावी. प्राध्यापकाने स्वतःच्या वर्गातील विद्यार्थ्यांना बसवू नये, कारण ज्याच्या हाती आपले गुण आहेत त्याला नकार देणे विद्यार्थ्याला कठीण जाते. अमेरिकेतील विद्यापीठांत माणसांवर करावयाच्या संशोधनाची छाननी करणारी मंडळे असतात आणि चाचणी संशोधनात मोडत असेल, तर त्यांची मान्यता आधी घ्यावी लागते. योजनेच्या वेळापत्रकात या मान्यतेसाठी दिवस राखून ठेवले नाहीत, तर सारे वेळापत्रक कोलमडते.

वेळापत्रक आखताना विद्यार्थ्यांचे जीवनही पाहावे. परीक्षेच्या आठवड्यात कोणी येत नाही आणि आला तरी मन ठिकाणावर नसते. साधारण चार आठवड्यांची आखणी पुरते : पहिल्यात प्रश्न व कामे लिहिणे, दुसऱ्यात एका माणसावर रंगीत तालीम करून कामांची भाषा सुधारणे, तिसऱ्यात बैठका, चौथ्यात अहवाल. रंगीत तालीम वगळण्याचा मोह होतो. परंतु कामाच्या कागदातील संदिग्ध वाक्य तेथेच उघडे पडते. संवादाचा मसुदा, नोंदींचे तक्ते, मुद्रणयंत्रातील कागद, सर्व त्या दिवशी तपासून होते.

मोजमाप आणि अहवाल

वापरसुलभतेची व्याख्या करणारे आयएसओ ९२४१ या मालिकेतील अकरावे मानक १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यात तीन गोष्टी सांगितल्या आहेत : काम पुरे झाले का, त्यासाठी किती श्रम व वेळ लागला आणि वापरणारा समाधानी आहे का. तीनही स्वतंत्रपणे मोजाव्यात. काम पुरे झाले पण विद्यार्थी घामाघूम झाला, तर जमेच्या बाजूला पूर्ण रक्कम लिहिता येणार नाही.

समाधान मोजण्यासाठी जॉन ब्रूक यांनी १९८६ साली डिजिटल कंपनीत असताना तयार केलेली दहा विधानांची प्रश्नावली आजही सर्वत्र चालते. प्रत्येक विधानावर १ ते ५ असा कौल द्यायचा. विषम क्रमांकाची विधाने अनुकूल, तेथे कौलातून १ वजा करायचा. सम क्रमांकाची प्रतिकूल, तेथे ५ मधून कौल वजा करायचा. दहांची बेरीज करून २.५ ने गुणले, की ० ते १०० मधील गुण मिळतात. अनेक अभ्यासांतून याची सरासरी ६८ च्या आसपास आढळली आहे. म्हणून ६८ गुण पाहून प्रथम श्रेणी मिळाल्याचा आनंद मानू नये. तो आकडा मध्यम आहे, एवढाच त्याचा अर्थ. पाच माणसांच्या गुणांवरून मोठे दावेही करू नयेत. आकडा हा पुढच्या फेरीशी तुलना करण्यासाठी.

अहवालात जे पाहिले ते आणि त्यावरून जे अनुमान काढले ते, ही दोन वेगळी सदरे ठेवावीत. 'पाचांपैकी चार जणांनी छापण्यासाठी आधी डावीकडील यादी उघडली' हे निरीक्षण आहे. 'विद्यार्थी गोंधळलेले होते' हे अनुमान आहे. प्रत्येक दोषाला तीव्रतेची श्रेणी द्यावी. काम अशक्य करणारा दोष, उशीर लावणारा दोष आणि केवळ खटकणारा दोष एकाच रांगेत उभे करू नयेत. दोषापुढे दुरुस्ती कोण करणार व केव्हा, याचा रकाना हवाच. लेखापरीक्षणाचा जो अहवाल पूर्ततेविना फाईलमध्ये जातो, त्याची किंमत कागदाइतकीच असते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना बैठका प्रत्यक्ष पाहण्यास बोलवावे. चाळीस पानी अहवालाने जे पटत नाही, ते एका विद्यार्थ्याची तीन मिनिटांची धडपड पाहून पटते.

अशा चाचण्यांचे फळ दिसल्याचे उदाहरण विद्यापीठांच्या ओळखीचेच आहे. 'ग्नोम' हा मुक्त स्वरूपाचा डेस्कटॉप १९९७ पासून जगभरचे प्रोग्रामर स्वेच्छेने घडवीत होते आणि पुढे तो अथेनाच्या संगणकांवरही आला. २००१ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने त्याची वापरसुलभता चाचणी घेऊन अहवाल सर्वांसाठी खुला केला. २००२ साली ग्नोमची दुसरी आवृत्ती आली. त्याच सुमारास रचनेचे लेखी नियमही तयार झाले. कोणत्या बटणावर कसे शब्द असावेत, इथपर्यंतचा विचार त्यांत होता.

आपल्या पेढीसाठी

हे सर्व विद्यापीठापुरते ठेवण्याचे कारण नाही. आपल्या दुकानात, पेढीत, गोदामात नवे बिलिंग वा हिशेबाचे सॉफ्टवेअर घेताना विक्रेता स्वतःच्या हाताने सर्व भराभर करून दाखवतो. ते पाहून आपण धनादेश लिहितो. पुढे मुनीमजी अडखळले, की त्यांच्या वयाला दोष देतो. ज्यांच्या रोजमेळात वर्षानुवर्षे एका पैशाची तफावत राहिली नाही, त्यांना "आता तुम्हाला जमत नाही" असे ऐकवणे हा अन्याय आहे आणि तो बहुधा खोट्या निदानावर आधारलेला असतो. खरेदीपूर्वी विक्रेत्याला बाजूला बसवावे. जे रोज ते वापरणार आहेत, त्या दोन-तीन माणसांना कामे लिहून द्यावीत : 'या गिऱ्हाईकाने घेतलेल्या सहा नगांपैकी एक परत आणला आहे, त्याचा हिशेब पुरा करा.' आणि आपण गप्प बसून पाहावे. एका तासात जे कळेल, ते विक्रेत्याच्या पत्रकात सापडणार नाही.

मुलगा वा मुलगी हा विषय शिकत असेल, तर सुट्टीत त्यांना पेढीवर अशी चाचणी आखण्यास सांगावे. शिक्षणाचा उपयोग घराला होईल. आणि माणूस अडखळला असता त्याला हसण्याऐवजी वाटेतला दगड शोधावा, ही दृष्टी त्यांच्या ठायी आली आहे की नाही, तेही आपल्याला पाहता येईल.